किंडर, इंडर आणि तिसरा माणूस

मंडळी, या विकांताला जरा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या थोड्याच आहेत. आणि इतिहास तसा फार जुना नाही, २००० सालचा. वायटूके नावाचं भूत नुकतंच येऊन कुणालाही न धरता निघून गेलं होतं. मी तेव्हा दोन-तीन वर्षांचा असेन, त्यामुळे हे सगळं मला माहीत असायचं कारण नव्हतं.

तर झालं असं. गेल्या वर्षी हापिसच्या कामासाठी तीन महिने जर्मनीत होतो. टीममध्ये पन्नाशी ओलांडलेला एक जर्मन होता. मूळचा पूर्व जर्मनीतला, कमी बोलणारा, पण बोलला की मुद्द्याचं बोलणारा. एकदा जेवताना मी पुण्यात क्लास लावून शिकलेलं माझं मोडकंतोडकं जर्मन पाजळत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुला 'किंडर श्टाट इंडर' माहीत आहे?"

शब्द सोपे. किंडर म्हणजे मुलं, श्टाट म्हणजे ऐवजी, इंडर म्हणजे भारतीय. भारतीयांऐवजी मुलं! यमक छान जुळलंय म्हणून मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "ही निवडणुकीतली घोषणा होती."

रात्री खोलीवर येऊन जाल पालथं घातलं, पुढचे काही विकांतही त्यातच गेले. जे सापडलं ते असं:

फेब्रुवारी २००० मध्ये हॅनोव्हरच्या सेबिट या संगणक प्रदर्शनात चान्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर केलं, की परदेशातून आयटीवाले आणण्यासाठी जर्मनी 'ग्रीन कार्ड' देणार. डॉटकॉमचा फुगा अजून फुटायचा होता. ७५,००० जागा रिकाम्या पडल्यात, माणसंच मिळत नाहीत, असं कंपन्यांची संघटना ओरडून सांगत होती. भारत आणि पूर्व युरोप, या दोन ठिकाणी सगळ्यांचा डोळा होता.

आता हे चित्र जरा तिथल्या माणसाच्या बाजूनं बघा. देशात जवळजवळ ४० लाख बेकार. सीमा बंद करून पंचवीसेक वर्षं झालेली. कारण त्याआधी एक प्रयोग होऊन गेला होता. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून जर्मनीनं कामगार आणले आणि त्यांना नाव दिलं 'गास्टआरबायटर', म्हणजे पाहुणे कामगार. पाहुण्यानं काम करावं आणि परत जावं, असा हिशेब. बरेचसे गेलेही. पण लाखो राहिले, त्यांनी बायकापोरं आणली, दुकानं थाटली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि भरती बंद झाली. 'आम्ही स्थलांतरितांचा देश नाही' हे पालुपद मात्र पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. अशा देशात एका सकाळी बातमी येते, की २०,००० परदेशी इंजिनीअर येणार. भडका उडणार नाही तर काय!

मे महिन्यात नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या जर्मनीतल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्याची निवडणूक होती. तिथले ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते युर्गेन र्‍युटगर्स म्हणाले, भारतीयांना संगणकापुढे बसवण्याऐवजी आपल्या मुलांना बसवा. वर्तमानपत्रांनी त्याचं तीन शब्दांत यमक केलं आणि ते र्‍युटगर्सना कायमचं चिकटलं. त्यांच्याही उजवीकडे असलेल्या रिपब्लिकानर पक्षानं तर ते आपल्या प्रचारातच वापरलं.

गंमत पुढेच आहे. हे र्‍युटगर्स १९९४ ते १९९८ या काळात केंद्रात मंत्री होते. खातं कुठलं? शिक्षण, विज्ञान, संशोधन आणि तंत्रज्ञान!! म्हणजे जर्मन मुलं संगणकापुढे का बसली नाहीत, हे विचारायचं तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारायला हवा होता. विरोधकांनी तो विचारलाही. कोडमध्ये बग कुणी टाकला हे शोधायला हिस्टरी उघडावी आणि आपलंच नाव दिसावं, तशी गत :-)

१४ मे २००० ला निकाल लागला. र्‍युटगर्स हरले. त्यांच्या पक्षाला ३७ टक्के, सोशल डेमोक्रॅटना जवळपास ४३ टक्के. (पाच वर्षांनी ते त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले, पण ती निवडणूक वेगळी.)

म्हणजे शेवट गोड? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण १ ऑगस्ट २००० पासून लागू झालेल्या कार्डाच्या अटी वाचल्या. पदवी हवी, नाहीतर वर्षाला किमान १ लाख मार्क पगार. आणि मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. अमेरिकेच्या ग्रीन कार्डचं नाव घेतलं, पण अमेरिकेचं ते कार्ड कायम राहण्यासाठी असतं. हे म्हणजे 'या, काम करा, निघा'. पाहुणे कामगारच, फक्त हातात पान्याऐवजी कीबोर्ड. घोषणा हरली होती, पण तिच्यामागची भीती कायद्याच्या कलमात जाऊन बसली होती.

त्याच वर्षी अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० केली. आपल्याकडचा इंजिनीअर कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. जर्मनीचा २०,००० चा कोटा भरलाच नाही. २००४ च्या अखेरीपर्यंत सुमारे १८,००० कार्डं दिली गेली. त्यात सगळ्यात मोठा गट भारतीयांचा होता खरा, पण ज्या लोंढ्याच्या नावानं बोंब मारली, तो लोंढा आलाच नाही. फुगा फुटला, कंपन्यांची ओरडही थांबली.

इथपर्यंत शोधून मी मोठ्या फुशारकीनं सोमवारी त्या सहकाऱ्याला सगळं ऐकवलं. म्हटलं, "बघ, उगाच घाबरला होता तुम्ही." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझे बाबा इंजिनीअर होते. संगणकाचं हार्डवेअर करायचे. देश एक झाला आणि १९९१ मध्ये कारखाना बंद पडला. बाबा पंचेचाळीस वर्षांचे. पुढची नऊ वर्षं अर्ज करत होते. मग टीव्हीवर बातमी आली, की देशात इंजिनीअर मिळत नाहीत."

मी काय बोलणार?

तो पुढे म्हणाला, "बाबांना त्या घोषणेचाही राग आला होता. म्हणायचे, एक म्हणतो भारतीय आणा, दुसरा म्हणतो मुलांना शिकवा. माझं नाव कुणीच घेत नाही."

या एका वाक्यानं माझी सगळी मांडणी मोडीत निघाली. मी ही गोष्ट 'आपण विरुद्ध ते' अशी वाचत होतो. पण पंचेचाळिशीच्या इंजिनीअरला नवं शिकवायला पैसा आणि वेळ लागतो. पंचविशीचा तयार माणूस बाहेरून आणला की तो वाचतो. तेव्हाच्या वादात कामगार संघटना हेच सांगत होत्या, पण त्याचं यमक जुळत नव्हतं. राग खरा होता, कारणही खरं होतं. फक्त बोट भलत्याकडे दाखवलं गेलं. ज्यांनी भरतीची वयोमर्यादा मनात ठरवून ठेवली होती, त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

आणि आता चक्र उलटं फिरलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारनं कुशल भारतीयांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. एकेकाळी २०,००० हा आकडा सगळ्या देशांचा मिळून, आणि तरी भयंकर वाटत होता!

पण आपणही फार नाक वर करू नये. साठच्या दशकात मुंबईत 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या आणि मराठी पोरं त्या चवीनं वाचायची. त्या पोरांची बेकारीही खरीच होती. आजही पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो की 'बाहेरच्यांनी वाट लावली' हे वाक्य माझ्याच तोंडून निघतं. आणि मीच सहा महिन्यांनी जर्मन भाषेच्या पुढच्या परीक्षेला बसणार आहे.

माझं वय आता अठ्ठावीस. पंचेचाळिशी काही फार लांब नाही. तेव्हा कुणीतरी पंचविशीचा, कुठल्यातरी देशातला, माझ्या खुर्चीत येऊन बसेल. त्या दिवशी मी कुणावर चिडेन, हे आजच ठरवून ठेवावं म्हणतो.

असो. उद्या सोमवार. सकाळी साडेनऊला स्टँडअप आहे.