उन्हाळी जत्रा आणि कुस्तीचा फड



चैत्र लागला की आमच्या माणदेशातल्या माणसाला दोन गोष्टींची आठवण होते. एक पाण्याची आणि दुसरी जत्रेची. विहिरींचे तळ दिसू लागलेले असतात, ओढे कोरडे ठणठणीत पडलेले असतात, दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि नेमक्या ह्याच दिवसांत गावोगावी पाहुण्यांची रीघ लागते. माझ्या एका शहरी सहकाऱ्याने मला एकदा विचारलं, "अहो, एवढ्या उन्हात जत्रा भरवायचं प्रयोजन काय? थंडीत भरवल्या असत्या तर पाहुण्यांचे हाल तरी वाचले असते."

प्रश्न वरवर बिनतोड आहे. पण तो विचारणारा पगारदार होता, कुणबी नव्हता. माघ-फाल्गुनात शाळू काढून झाला, खळी झाली, धान्य घरात आलं. पूर्वी बलुतेदारांचं बलुतंही ह्याच वेळी खळ्यावर मिळे. म्हणजे वर्षातून एकदाच, पण साऱ्या गावाच्या पदरी एकाच वेळी काहीतरी असे. इथून पुढे मृगाचा पाऊस पडेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, शेताला माणसाची फारशी गरज नाही. बैलही रिकामे. नद्यांना उतार, त्यामुळे गाड्या कुठूनही पार होत. पावसाळ्यात जे गाव शेजारच्या गावाला तुटलेलं असायचं ते चैत्रात दहा गावांना जोडलेलं असायचं. देवाची तिथी पंचांगात असते हे खरे, पण जत्रेला वेळ दिला तो खळ्याने.

तरीही पाण्याचा प्रश्न उरतोच, आणि इतिहासात तो कुणी कसा सोडवला हे पाहण्यासारखं आहे. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव उंच डोंगरावर. यात्रा चैत्र शुद्ध पक्षातली. अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी चढतात. ऐन टंचाईत लाखो माणसं डोंगरमाथ्यावर जमायची, त्यांना पाणी कुठलं? शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी तिथे मोठा तलाव बांधून घेतला. पराक्रमाच्या कथा आपण मुलांना पुष्कळ सांगतो. हा तलावही सांगायला हवा. यात्रेकरूची तहान ही राजाची जबाबदारी आहे असं मानणाऱ्या घराण्यात पुढे शिवाजीराजे जन्मले, हा योगायोग मला क्षुल्लक वाटत नाही.

त्या कावडींत सासवडकडच्या तेल्या भुत्याची कावड मोठी मानाची. मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून माणसं एकमेकांच्या आधाराने साखळी करतात आणि ती अवजड कावड वर चढवतात. याला खेळ म्हणावा की भक्ती? ज्याने तो घाट खालून पाहिला आहे तो हा वाद घालीत बसत नाही. चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीवर जोतिबाच्या उंच सासनकाठ्या नाचवतात, तिथेही तेच. खांदा, कंबर आणि श्वास यांची परीक्षाच ती. पाहुण्यांना सांगणं एवढंच, की पांढरे कपडे घालून जाऊ नये; गुलाल दोन धुण्यांत निघत नाही.

पण आज मला मुख्यतः बोलायचं आहे ते मोठ्या यात्रांविषयी नव्हे, तर आपल्या साध्या ग्रामदैवताच्या जत्रेविषयी आणि तिच्यातल्या कुस्त्यांविषयी. आमच्याकडे रीत अशी: पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री पालखीचा छबिना. दुसऱ्या दिवशी ऊन कलू लागलं की हलगी कडाडते आणि फड भरतो. सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी. बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या. मीही एकदा रेवड्यांची कुस्ती खेळलो आहे. हरलो, आणि जिंकलेल्या पोराने अर्ध्या रेवड्या मला दिल्या. मग रुपयांच्या कुस्त्या. मग पंच एकेका पैलवानाला हात वर करून रिंगणात फिरवतात आणि त्याच्या तोडीचा गडी शोधून जोड लावतात. इनामाची रक्कम पुकारली जाते. शड्डू ठोकला, खडाखडी झाली, की ढाक, मोळी, घिस्सा, धोबीपछाड. मातीची कुस्ती गुणांवर नाही. दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट, एरवी झुंज चालूच. शेवटची मोठी कुस्ती सूर्य बुडता बुडता लागते. ती पाहायला आसपासच्या गावांची माणसं झाडांवर, घरांच्या माळवदांवर बसलेली असतात.

ह्या खेळाची मुळं फार जुनी आहेत. रामदासस्वामींनी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांत स्थापलेले अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. मारुती आणि तालीम यांचं नातं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, तेही मल्लविद्येच्याच अंगाने. परंतु गावच्या फडाला राजमान्यता आणि शिस्त दिली ती राजर्षी शाहू छत्रपतींनी. १८९४ साली ते गादीवर आले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले असताना त्यांनी रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहिलं. परत आल्यावर १९०७ ते १९१२ ह्या काळात कोल्हापुरास खासबागेचं मैदान उभं राहिलं. मधोमध मातीचा हौदा, सभोवार चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसते. १९१२ साली तिथे पंजाबच्या इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची मोठी लढत झाली आणि इमामबक्षने ती मारली. पण माझ्या मते मैदानापेक्षाही मोठं काम म्हणजे महाराजांनी तालमींना दिलेला आश्रय. जातीजातींत शिवाशीव पाळली जात होती त्या काळात तालमीतली माती मात्र सगळ्यांच्या अंगाला सारखीच लागत होती. सगळीकडे हे तितकंच साधलं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गावांत हलगी वाजवणारा फडाच्या कडेलाच उभा राहिला, हेही खरंच.

ह्याच मातीतून खाशाबा जाधव आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९२६ चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदाच गादीवर म्हणजे मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असं सांगतात. आणि पुढे? पुढे त्यांनी कुस्त्यांची मैदानं घेतली आणि लोकांचं देणं फेडलं. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. शिक्षकबंधूंनी मुलांना पदक सांगावं, तसंच हे देणं फेडणंही सांगावं.

१९६१ साली औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, महाराष्ट्र केसरीची पहिली लढत झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले. तेव्हापासून गावच्या फडात खेळणाऱ्या पोराच्या डोळ्यांपुढे एक पायरी ठेवलेली आहे. आता ऑलिंपिकचे नियम गादीवरचे, गुणांचे, मिनिटांचे. जुने वस्ताद ह्यावर नाक मुरडतात. मला वाटतं, दोन्ही खेळ राहावेत. मातीने दम दिला, गादीने जग दाखवलं.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजीने हयातभर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्या पैलवानांसाठी भाकऱ्या थापल्या. फड मात्र तिने एकदाही पाहिला नाही. बाईमाणसाने आखाड्याकडे फिरकायचं नाही, ही रीत. हलगीच्या आवाजावरून ती चुलीपाशी बसून सांगायची, "आता झोंबली. आता सुटली." मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथमच भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. त्या दिवशी मला चुलीपाशी बसलेली आजी आठवली. आता आमच्याकडेही मुलींच्या जोडी लागतात. पहिल्या वर्षी काही म्हातारे उठून गेले होते. दुसऱ्या वर्षी तेच पुढच्या रांगेत बसले!

बैलगाडा शर्यतीविषयी न बोललो तर आपण मला माफ करणार नाही. जुन्नर-आंबेगाव-खेडकडे चढाच्या घाटात गाडा धावतो, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. आमच्याकडे सपाट रानात खिल्लार जोडी चकडीला जुंपून एकमेकांशी पळवतात. विदर्भात हाच शंकरपट, पण तो थंडीत. २०११ साली केंद्र सरकारने बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. २०१७ साली आपल्या राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती अडलेल्याच होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या वर्षांत खिल्लार पाळणाऱ्यांना जनावर दावणीला ठेवणं जड गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण बैलाला टोचणारा, शेपटी चावणारा गडीही मी पाहिला आहे. अशा माणसाला फडातून हाकलण्यासाठी न्यायालयाची वाट पाहावी लागली, ही आपल्या गावपंचांची लाज आहे. परवानगी मिळाली म्हणजे ती लाज धुतली गेली असं कुणी समजू नये.

रात्रीच्या तमाशाबद्दल स्वतंत्र भाषण होईल. नारायणगावास गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला जातात, एवढंच नोंदवून पुढे जातो.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. गावोगावी जत्रेच्या वर्गणीच्या जुन्या वह्या असतात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फडताळात. त्या वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी मुलांना घेऊन उतरवून घ्या. आमच्या गावची एक वही मी वाचली आहे. कोणत्या पैलवानाला काय इनाम दिलं, तो कुठल्या तालमीचा, सगळं नावनिशीवार. रेवड्यांचा खर्चसुद्धा. हलगीवाल्यापुढे मात्र नुसतं 'हलगीवाला' एवढंच. दर वर्षी तोच शब्द, नाव कुठेच नाही.

म्हणून मी मातंग वस्तीत गेलो. चाळीसएक वर्षे ज्यांनी आमच्या फडाला हलगी वाजवली ते तात्या दारात बसले होते. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही एवढे फड गाजवले. सगळ्यात मोठी कुस्ती कोणती पाहिलीत?"

तात्या हसले. म्हणाले, "सर, मी कुस्ती बघितलीच न्हाई कधी. माझं ध्यान पैलवानाच्या पायाकडं. पाय हालला की हात हालला पायजे. कोण पडला ते लोक वरडले की कळायचं."

वहीत तात्यांचं नाव मी त्याच दिवशी लिहून घेतलं.