वेंकटप्पांची गॅलरी आणि तिचे राखणदार

बेंगळुरूच्या कस्तुरबा रोडवर, कब्बन पार्कच्या कडेला तीन सरकारी वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक लाल रंगाचं जुनं सरकारी संग्रहालय, दुसरं विश्वेश्वरय्यांच्या नावाचं तंत्रज्ञान संग्रहालय आणि तिसरी, या दोघांपुढे अगदीच साधी दिसणारी वेंकटप्पा आर्ट गॅलरी. पर्यटकांची आणि शाळांच्या सहलींची गर्दी पहिल्या दोन ठिकाणी. तिसरीत जातात ते चित्रकलेचे विद्यार्थी आणि ज्याचं प्रदर्शन लागलंय त्याचे सगेसोयरे. 1975 साली सुरू झालेली ही गॅलरी दिमाखदार कधीच नव्हती. तरीही 2016 साली शहरातले चित्रकार, शिल्पकार, कवी आणि नाटकवाले तिच्यासाठी रस्त्यावर उतरले. एरवी या मंडळींचं एका प्रदर्शनाच्या तारखेवरही एकमत होणं कठीण.

गॅलरीला ज्यांचं नाव आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. के. वेंकटप्पा म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांच्या घराण्यातले. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी त्यांना कोलकात्याला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकायला पाठवलं. नंदलाल बोस त्यांचे सहाध्यायी. परतल्यावर त्यांनी उटी आणि कोडाईकनालची निसर्गचित्रं जलरंगात केली, वीणा शेषण्णांकडे वीणा शिकण्यात वर्षं घालवली आणि राजवाड्यासाठी प्लास्टरमधली उठावशिल्पं हाती घेतली. माणूस एकटा, करारी, हिशेबाला चोख. 1940 साली महाराज वारले, राजवाड्याचं काम थांबलं आणि मोबदल्याचा वाद उभा राहिला. तेव्हा वेंकटप्पांनी काय करावं? ते सरळ कोर्टात गेले. ज्या राजघराण्याच्या आश्रयावर त्यांच्या कित्येक पिढ्या जगल्या, त्याच राजवाड्यावर त्यांनी केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावला. बक्षिसी घेणारा कारागीर आणि ठरल्या कामाचा मोबदला मागणारा कलावंत, यांतला फरक त्यांना कायद्यासमोर मांडायचा होता. 1965 साली ते गेले. आज कर्नाटक सरकार चित्रकारांना त्यांच्या नावाचा पुरस्कार देतं. त्या पुरस्काराच्या समारंभांत या दाव्याचा उल्लेख होत असेल असं वाटत नाही.

गॅलरीत त्यांची चित्रं आणि शिल्पं कायमची मांडली गेली. पुढे के. के. हेब्बारांच्या चित्रांचं स्वतंत्र दालन झालं. हेब्बार जन्माने उडुपीकडचे, पण शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि आयुष्य काढलं मुंबईतच. मराठी चित्ररसिकांना त्यांची ओळख करून द्यायला नको. स्वतःची निवडक चित्रं त्यांनी या सरकारी गॅलरीला देऊन टाकली. मात्र बेंगळुरूच्या चित्रकारांच्या लेखी गॅलरीचं खरं मोल भाड्याने मिळणाऱ्या हॉलमध्ये होतं.

चित्रकाराच्या कमाईचं गणित उलटं असतं. गवंडी, सुतार, वायरमन काम करतो आणि पैसे घेतो. चित्रकार आधी कॅनव्हास, रंग, फ्रेम, टेम्पो यांवर खर्च करतो, मग हॉलचं भाडं भरतो, पत्रिका छापतो, उद्घाटनाला चहा पाजतो, आणि आठवडाभर खुर्ची टाकून बसतो. काही विकलं गेलं तर गेलं. खासगी गॅलरीत शिरायचं तर आधी नाव हवं, आणि नाव व्हायचं तर कुठेतरी आधी भिंत मिळायला हवी. वेंकटप्पा गॅलरी ती भिंत नाममात्र भाड्यात देत होती. कलबुर्गी, धारवाडकडून आलेला, इंग्रजी न येणारा, कुणाचा कोण नसलेला मुलगाही अर्ज करून तारीख मिळवू शकत होता. तिथे चांगल्याबरोबर सुमारही भरपूर लागलं, हे कबूल करायला हवं. पण गाळणी लावणारा क्यूरेटर दारात बसलेला नव्हता, म्हणूनच पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांना पहिली संधी इथे मिळाली. जहांगीर आर्ट गॅलरीच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या मुंबईकर चित्रकाराला याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

मधल्या काळात शहर बदललं. माहिती-तंत्रज्ञानाच्या पैशाने जमिनीचे भाव चढले, जुने बंगले पाडून टॉवर आणि मॉल उभे राहिले, परवडणारे स्टुडिओ दूर दूर सरकले. काहींनी आपापले मार्ग काढले. चित्रकार आणि कला-इतिहासकार सुरेश जयराम यांनी 2003 साली शांतीनगरमधलं आपलं राहतं घरच कलावंतांना खुलं केलं. ‘वन शांतीरोड’ या नावाने ते देशोदेशीच्या कलाकारांचा मुक्कामाचा पत्ता झालं. पण असं घर असायला हवं, आणि ते देऊन टाकण्याएवढं मनही. बाकीच्यांना सरकारी हॉलच होता. आणि सरकारने तो सरकारी पद्धतीनेच सांभाळला: ओल आलेल्या भिंती, जेमतेम दिवे, न भरलेली पदं.

2015 साली राज्याच्या पर्यटन खात्याने पर्यटनस्थळं कंपन्यांना आणि संस्थांना दत्तक देण्याची योजना आणली. त्या यादीत वेंकटप्पा गॅलरी होती आणि ती उद्योजक, संग्राहक अभिषेक पोद्दार यांच्याशी संबंधित तस्वीर फाउंडेशनला देण्याचा करार झाला. फाउंडेशन पैसा ओतणार, सुधारणा करणार, मालकी सरकारचीच राहणार, असं त्याचं समर्थन होतं. आक्षेप मुख्यतः दोन होते. चाळीस वर्षं ज्यांनी ही जागा वापरली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि पोद्दारांच्या खासगी संग्रहाचं संग्रहालय तिथे आल्यावर हॉल कुणाला मिळणार, कुठल्या भाड्यात, ते कोण ठरवणार, याची हमी नव्हती.

कलावंतांनी ‘व्हीएजी (वेंकटप्पा आर्ट गॅलरी) फोरम’ नावाने एकत्र येऊन आंदोलन सुरू केलं. पुष्पमाला एन. यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या कलावतीपासून कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांपर्यंत सगळे त्यात होते. निवेदनं दिली गेली तशीच गॅलरीच्या आवारात चित्रं काढली गेली, कविता वाचल्या गेल्या, सादरीकरणं झाली, मानवी साखळी झाली. गॅलरी आम्हाला हवी आहे हे सांगायला ती वापरून दाखवण्यासारखा दुसरा उपाय नव्हता. कन्नड आणि इंग्रजी बोलणारं कलाजग या शहरात एरवी वेगवेगळ्या खोल्यांत नांदतं. ते इथे एकत्र दिसलं, आणि मला वाटतं, प्रस्ताव अडण्याइतकंच हेही महत्त्वाचं.

या लढ्याकडे ‘गरीब कलावंत विरुद्ध श्रीमंत संग्राहक’ एवढ्यापुरतं पाहणं मला पटत नाही. खासगी पैशाने सरकारी कलासंस्था सावरल्याचं उदाहरण मुंबईत आहे. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून पुन्हा उभं केलं आणि 2008 साली ते देखणं होऊन खुलं झालं. त्यावरही महापालिकेत खटके उडाले, पण इमारत वाचली. मुद्दा पैसा कुणाचा, यापेक्षा अटी कुणी ठरवायच्या, हा असतो. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं संकुल बांधण्याची भाषा झाली, तेव्हा रंगकर्मी बिथरले ते त्यामुळेच.

त्याच 2016 साली लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये नेमकं उलट चित्र होतं. तिथे मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्तीने नव्या आर्ट गॅलऱ्यांविरुद्धच मोर्चे काढले. गॅलरी आली की मागोमाग बिल्डर येतो आणि भाडेकरू जातो, हा त्यांचा अनुभव. बेंगळुरूत कलावंत विस्थापितांच्या बाजूला उभे होते, लॉस एंजेलिसमध्ये ते विस्थापन आणणाऱ्यांत मोजले गेले. आपल्याकडच्या कलावंतांनीही हा आरसा अधूनमधून बघावा.

विरोध थांबेना तसा दत्तकाचा प्रस्ताव मागे पडला. पोद्दारांनी त्याच कस्तुरबा रोडवर स्वतःची इमारत बांधली. ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ या नावाने ती फेब्रुवारी 2023 मध्ये लोकांसाठी उघडली, आणि उत्तम आहे. म्हणजे शहराला एकाऐवजी दोन संस्था मिळाल्या. असा शेवट आंदोलनांच्या वाट्याला क्वचितच येतो.

हा लढा जागेचा होता. मोबदल्याचा प्रश्न त्याच्या बाहेरच राहिला. कॅनडात 1968 साली चित्रकार जॅक चेंबर्सने, आपली चित्रं फुकट छापू पाहणाऱ्या राष्ट्रीय गॅलरीला नकार देऊन कलावंतांची संघटना उभारली. 1988 साली तिथल्या कायद्यात प्रदर्शनाचा हक्क आला: चित्र लोकांना दाखवायचं तर चित्रकाराला पैसे द्यायचे. आपल्याकडे कोचीच्या बिएनालेत 2019 साली मांडणी उभारणाऱ्यांची थकलेली बिलं चव्हाट्यावर आली. 2022 साली त्याच बिएनालेचं उद्घाटन ऐनवेळी पुढे गेलं, तेव्हा देशोदेशीच्या सहभागी कलावंतांनी आयोजनातल्या ढिसाळपणाबद्दल जाहीर पत्र लिहून जाब विचारला. वेंकटप्पांनी राजवाड्याला जे एकट्याने विचारलं होतं, ते इथे पन्नासएक जणांनी सह्या करून विचारलं. कस्तुरबा रोडवरच्या हॉलचं भाडं मात्र चित्रकारानेच भरायचं, हा रिवाज 1975 पासूनचा.