सँटानाचे सुटे भाग

नोव्हेंबर १९७८. जर्मनीत वोल्फ्सबर्गला फोक्सवॅगनच्या फाटकावर काही चिनी पाहुणे कसलीही आगाऊ वर्दी न देता येऊन उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाने आपण चीनचे यंत्रोद्योग मंत्री असल्याचं सांगितलं. ही हकिकत कंपनीत पुढे वर्षानुवर्षं सांगितली जाई. चीनच्या दारावर परदेशी कंपन्यांनी थाप मारली, असं आपण सहज म्हणून जातो. इथे मात्र थाप चीननेच मारली होती.

त्याच्या महिनाभर आधी जनरल मोटर्सचे अध्यक्ष थॉमस मर्फी बीजिंगला जाऊन आले होते. परक्याशी भागीदारीत कंपनी काढायची म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी चिनी अधिकाऱ्यांना लग्नाचा दाखला देऊन समजावलं. चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी या कल्पनेला होकार दिला. जनरल मोटर्सच्या संचालकांनी मात्र हात आखडता घेतला आणि ती कंपनी शांघायला पोहोचली ती थेट १९९७ साली.

डिसेंबर १९७८ मध्ये साम्यवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीची बैठक झाली आणि सुधारणांना वाट मिळाली. पुढच्या जुलैत संयुक्त कंपन्यांचा कायदा आला. त्यात अवघी १५ कलमं होती. परदेशी भागीदाराचा वाटा साधारणपणे २५ टक्क्यांहून कमी नसावा आणि अध्यक्ष चिनी बाजूचा असावा, ही त्यातली महत्त्वाची. बाकी बरंचसं समोरासमोर बसून, घासाघीस करूनच ठरायचं होतं. फोक्सवॅगनच्या वाटाघाटी त्यामुळे सहा वर्षं रेंगाळल्या.

शांघायबाहेर आनटिंगला तेव्हा ‘शांघाय’ याच नावाची मोटार तयार व्हायची. तिच्या बॉडीचा पत्रा कामगार हाताने ठोकून आकाराला आणत. त्याच कारखान्यात एप्रिल १९८३ मध्ये जर्मनीहून आलेल्या भागांची जुळणी करून फोक्सवॅगनची पहिली सँटाना मोटार उभी केली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुडगावात पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. दोन्ही देश एकाच सुमाराला परक्याकडून मोटार शिकायला बसले होते.

ऑक्टोबर १९८४ मध्ये जर्मन चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या साक्षीने करारावर सह्या झाल्या. फोक्सवॅगनचा वाटा ५० टक्के, उरलेला चिनी संस्था आणि बँक ऑफ चायना यांचा. मुदत २५ वर्षं. वर्षाला ३०,००० गाड्या काढायचं ठरलं.

खरी कसोटी त्यानंतर लागली. १९८७ पर्यंत सँटानात चिनी बनावटीचा भाग जेमतेम २.७ टक्के होता: टायर, रेडिओ, एरियल, भोंगा आणि नावाचे बिल्ले. बाकी सारं पेट्यांतून यायचं आणि त्याचे पैसे परकीय चलनात मोजावे लागायचे. तिकडे बीजिंगमध्ये अमेरिकन मोटर्सची जीप कंपनी याच चलनाच्या टंचाईत १९८६ साली बंद पडायच्या बेतात आली होती. तो तिढा सोडवणाऱ्यांत केंद्र सरकारचे अधिकारी झू रोंगजी होते. १९८८ मध्ये हेच झू शांघायचे महापौर झाले.

झू यांनी जे केलं ते या सगळ्या कहाणीत मोलाचं आहे. स्थानिक भाग लवकर वाढवायचे तर दर्जा थोडा सैल करावा, असं सुचवणारे तेव्हाही होते. झू यांनी ते साफ नाकारलं. भाग जर्मन मोजमापात शंभर टक्के उतरेल तेव्हाच तो गाडीत बसेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी पुरवठादार कारखाने, बँका आणि संशोधन संस्था यांचा संघ उभारला. सँटानाच्या किमतीवर आकार बसवून निधी जमवला आणि तो पुरवठादारांच्या यंत्रसामग्रीवर खर्च केला. जर्मनीतले निवृत्त तंत्रज्ञ शिकवायला बोलावले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गाडीतला स्थानिक भाग ८० टक्क्यांच्या वर गेला.

चाकण-भोसरीत ज्यांनी व्हेंडर म्हणून मोठ्या कंपनीला माल दिला आहे त्यांना यातली मेख चटकन कळेल. नमुना नापास होतो, पुन्हा करावा लागतो, आणि त्या नापास नमुन्यांतूनच कारखाना शहाणा होतो. फोक्सवॅगनला चीनमध्ये बाजार मिळाला, नफाही भरपूर मिळाला. पण सँटानासाठी तयार झालेले पुरवठादार एकट्या फोक्सवॅगनचे राहिले नाहीत. ज्याला मोटार काढायची होती, त्याला ते माल द्यायला मोकळे होते.

१९९४ च्या वाहन धोरणाने परदेशी कंपनीचा वाटा ५० टक्क्यांवर रोखला. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, तेव्हा पंतप्रधान झूच होते. किती तरी क्षेत्रं खुली झाली, मोटारींवरची ही मर्यादा मात्र टिकली. विजेच्या गाड्यांपुरती ती २०१८ मध्ये उठली आणि जानेवारी २०१९ मध्ये टेस्लाने शांघायला पूर्ण मालकीच्या कारखान्याची कुदळ मारली. वर्ष संपायच्या आत तिथल्या पहिल्या गाड्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मिळाल्या. इतका वेग शक्य झाला त्यामागे आनटिंगच्या काळापासून रुजलेला पुरवठादारांचा पसारा होता, असं मानायला पुरेपूर जागा आहे. सर्वसाधारण प्रवासी मोटारींवरचं बंधन २०२२ साली गेलं. तोवर स्पर्धा पुरती बदलली होती: २०२३ मध्ये चीनमधल्या विक्रीत बीवायडी या चिनी कंपनीने फोक्सवॅगनला पहिल्या जागेवरून हटवलं.

त्याच वर्षी जुलैत फोक्सवॅगनने ग्वांगझौच्या शियाओपेंग या कंपनीत सुमारे ५ टक्के वाटा घेण्यासाठी ७० कोटी डॉलर गुंतवत असल्याचं जाहीर केलं. शियाओपेंगचा जन्म २०१४ चा. तिच्या तंत्रज्ञानाच्या आधारे चिनी बाजारासाठी विजेच्या दोन गाड्या विकसित करायच्या आणि त्यांवर बिल्ला फोक्सवॅगनचा लावायचा, असं ठरलं. त्याच्या ३६ वर्षांपूर्वी सँटानाचे टायर, रेडिओ, एरियल, भोंगा आणि बिल्ले बनवणं, एवढंच काम चिनी कारखान्यांना जमत होतं.