गोठ्यात कोबा आला तेव्हापासून

आजची नोंद पिकाची नाही, गोठ्यातल्या जमिनीची आहे.

आजोबांच्या काळात माणूस पडायचा तो कडब्याच्या गंजीवरून, नाहीतर बैल उधळला की कासऱ्यासकट. गोठ्यात पडून हाड मोडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. खाली ठोकलेला मुरूम, वर भुसकट. पावसाळ्यात चिखल व्हायचा, पण पाय रुतायचा, सटकायचा नाही.

१९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ काढली. १९७० ला ऑपरेशन फ्लड, म्हणजे दुधाचा महापूर सुरू झाला. जर्सी, होल्स्टिनचा संकर हळूहळू गावोगाव पोचला. दूध डेअरीला घालायचं तर कास स्वच्छ पाहिजे, गोठा रोज धुतला पाहिजे, आणि मुरूम काही धुता येत नाही. म्हणून कोबा आला. गवंडी घरातल्यासारखाच घोटून द्यायचा, आणि आम्ही खूश, आरशागत झालाय म्हणून! त्यावर शेण, मूत, पाणी आणि पहाटेचा अंधार. गाय फाकली की डॉक्टरला फोन जायचा. बाई घसरली की हळद-तेल. शेणघाण काढायला बायाच ना.

२००९ च्या पावसाळ्यात आई शेणाचं घमेलं घेऊन घसरली. खुबा मोडला. ऑपरेशनला दोन गाया विकल्या. २००५-०६ पासून शेतकरी अपघात विमा होता, म्हणून चौकशी केली. त्यात उंचावरून पडणं बसतं, पण पैसे मिळतात मृत्यूला, नाहीतर हात, पाय, डोळा कायमचा गेला तर. मोडलेलं हाड बसत नाही. शिवाय आईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. पन्नास वर्षं शेण काढलं, पण कागदावर ती शेतकरी नाही. २०१९ ला खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एकाला योजनेत घेतलं, हे बरं झालं. आज मृत्यूला २ लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख आहेत. नुसत्या मोडलेल्या खुब्याला अजून काही नाही.

आई नंतर काठी घेऊनच चालली. गोठ्याच्या दारात बसून सुनेला सांगायची, "हळू गं, तिथं ओलं हाय."

गेल्या महिन्यात जुना कोबा फोडला. गवंड्याला सांगितलं, घोटाई करायची नाही. ओला असतानाच बोटभर रुंद खाचा आडव्या-उभ्या पाडून घेतल्या, उतार गटारीकडं दिला. तो म्हणाला, "दादा, काम खडबडीत दिसंल." म्हटलं, दिसू दे.