मोठी टाइल भिंतीवरून का पडते? ॲडहेसिव्हने ती सुरक्षित कशी बसवायची?

स्क्रीन गार्ड लावताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आपल्याला चैन पडत नाही. पण बाथरूमच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, १५ किलोची टाइल बसवताना तिच्यामागे किती हवा राहिली हे आपण विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं. आमच्या घरातली २ बाय ४ फुटांची टाइल एका पहाटे धाडकन खाली आली. नशीब, आत कोणी नव्हतं. भिंतीवर सिमेंटचे पाच गोळे तसेच चिकटून होते आणि टाइलची पाठ जवळजवळ कोरी होती. ती भिंत पुन्हा करून घेताना जे समजलं, ते या लेखात सांगतो.

वजनामुळे टाइल पडते का?

६०० बाय १२०० मिमीची, ९ मिमी जाडीची विट्रिफाइड टाइल साधारण १५ किलोची असते. ८०० बाय १६०० मिमीची असेल तर सुमारे २७ किलो. आकडे मोठे वाटतात, पण आता हे गणित बघा. चांगलं ॲडहेसिव्ह प्रयोगशाळेतल्या चाचणीत दर चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन ताण सहन करतं. आपल्या टाइलचं क्षेत्रफळ ७,२०,००० चौरस मिमी आहे. म्हणजे कागदावर ती पकड ७० टनांच्या पुढे जाते!

मग टाइल पडते कशी? खरी कारणं दोन.

पहिलं, पकडच बसलेली नसते. साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते. तिच्या बारीक छिद्रांत सिमेंट शिरून घट्ट होतं. विट्रिफाइड टाइल मात्र ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. सिमेंटला धरायला जागाच नाही.

दुसरं, भिंत आणि टाइल सतत हलत असतात. प्लास्टर वाळताना आकसतं, गिझरच्या गरम पाण्याने टाइल प्रसरण पावते. ३० अंशांच्या फरकाला १२०० मिमी लांब टाइल सुमारे पाव मिलिमीटर वाढते. हे रोज घडतं आणि कच्ची पकड हळूहळू सुटत जाते.

पाच गोळ्यांची पद्धत धोकादायक का?

चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबली की काम झटपट होतं, भिंतीचा वाकडेपणाही लपतो. पण टाइलचा बराचसा भाग अधांतरी राहतो. त्या पोकळीत पाणी साचतं, जाड गोळे वाळताना जास्त आकसतात आणि पोकळ जागी ड्रिल मारलं की टाइल तडकते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

कोणतं ॲडहेसिव्ह घ्यायचं?

टाइल ॲडहेसिव्ह म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमरची पावडर. हे पॉलिमरच गुळगुळीत पाठीला धरतं आणि थोडी लवचिकताही देतं. पिशवीवर दोन गोष्टी वाचा.

- आयएस १५४७७ : हे भारतीय मानक. यात ॲडहेसिव्हचे पाच प्रकार आहेत. भिंतीवरच्या मोठ्या विट्रिफाइड टाइलसाठी साधारणपणे टाइप ३ किंवा त्यावरचं सुचवलं जातं.
- सी२, टी, ई, एस१ : ही युरोपीय मानकाची खूण. सी२ म्हणजे जास्त पकड, टी म्हणजे टाइल खाली घसरत नाही, ई म्हणजे पसरल्यावर जास्त वेळ ओलं राहतं, एस१ म्हणजे लवचिक. मोठ्या टाइलला ही चारही हवीत.

जाळी चिकटवलेल्या संगमरवराला किंवा लाकडी, धातूच्या पृष्ठभागाला हे चालेलच असं नाही. तिथे कंपनीच्या तक्त्यात पाहून इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन प्रकार घ्या.

टाइल बसवण्याची पद्धत, पायरीपायरीने

१. भिंत तपासा. नवं प्लास्टर किमान २८ दिवसांचं असावं. रंग, पुट्टी, तेलकटपणा खरवडून काढा. ओळंबा आणि लांब पट्टी लावून भिंत सरळ आहे का बघा. खड्डे आधी प्लास्टरने भरा, ॲडहेसिव्हने नाही. जिप्सम प्लास्टर असेल तर आधी प्रायमर हवाच.

२. टाइलची पाठ पुसा. पाठीवर पांढरी भुकटी असते, तिच्यावर काहीच टिकत नाही. ओल्या स्पंजने पुसून कोरडी करा. टाइल पाण्यात भिजवून ठेवायची जुनी सवय इथे नको.

३. मिश्रण मोजून करा. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी. ढवळून पाचेक मिनिटं थांबा, मग पुन्हा ढवळा. घट्ट होत चाललेल्या मिश्रणात वरून पाणी घालायचं नाही.

४. दोन्ही बाजूंना लावा. भिंतीवर १० ते १२ मिमी दात्यांच्या थापीने सरळ, एकाच दिशेच्या रेघा ओढा. रेघा टाइलच्या आखूड बाजूला समांतर हव्यात, म्हणजे हवा लवकर बाहेर पडते. टाइलच्या पाठीवरही पातळ थर चोळून लावा.

५. दाबून सरकवा. टाइल टेकवून रेघांच्या आडव्या दिशेने थोडी मागेपुढे सरकवा आणि रबरी हातोड्याने ठोका. रेघा मोडल्या की हवा निघाली. मोठी टाइल दोघांनी उचला, सक्शन कप वापरा.

६. खालून वर जा. पहिल्या ओळीखाली लेव्हलमध्ये पट्टी ठोका. टाइलमध्ये २-३ मिमी सांधा सोडा, कोपऱ्यांत सिलिकॉन भरा. लेव्हलिंग क्लिप टाइल सपाट ठेवतात, तिचं वजन पेलत नाहीत.

७. २४ तासांनीच ग्राउट भरा. पिशवीवर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढं थांबा.

ओलं सिमेंट त्वचा भाजतं आणि कोरडी पावडर फुफ्फुसात जाते. हातमोजे आणि मास्क मिस्त्रींनाही द्या. इमारतीच्या बाहेरच्या बाजूला किंवा फार उंचावर जड टाइल लावायची असेल तर फक्त ॲडहेसिव्हवर विसंबू नका. तिथे स्टीलच्या क्लॅम्पचा आधार लागतो आणि तो इंजिनिअरने ठरवायचा.

तुमचा फोन इथे काय करू शकतो?

- टायमर : ॲडहेसिव्ह भिंतीवर पसरलं की २० मिनिटांचा टायमर लावा. उन्हाळ्यात वेळ अजून कमी मिळतो. बोट टेकवून पाहा. बोटाला लागलं नाही तर वर साय धरली आहे, ते खरवडून टाका.
- कॅमेरा : टाइल लावण्यापूर्वी भिंतीतल्या पाइप आणि वायरिंगचे फोटो काढा. पिशवीवरची तारीखही टिपून ठेवा.
- टॉर्च : भिंतीला चिकटवून तिरका प्रकाश मारा. वरखाली झालेली कड लगेच सावली दाखवते.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी

काम सुरू झाल्यावर दुसरी-तिसरी टाइल लगेच ओढून काढायला सांगा आणि पाठ बघा. बाथरूममध्ये किमान ९५ टक्के आणि कोरड्या खोलीत ८० टक्के भाग ॲडहेसिव्हने भरलेला हवा. कोपरे कोरे असतील तर थापी बदला किंवा जास्त दाबा. आमचे नवे मिस्त्री आधी थोडे नाराज झाले. पण पहिल्याच टाइलचे दोन कोपरे कोरे निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःच मोठ्या दात्यांची थापी मागवली.

घरात आधीच मोठ्या टाइल असतील तर आज एक काम करा. बोटाच्या पेराने प्रत्येक टाइल मध्ये आणि चारही कोपऱ्यांत वाजवून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. डब्यासारखा पोकळ आवाज आला तर खडूने खूण करा. ती टाइल डोक्याच्या उंचीला असेल किंवा कडेला फट दिसत असेल, तर तिच्याखाली आंघोळ करायचं थांबवा आणि आधी ती काढून घ्या.