गोंदिया जिल्ह्यांतील शाळा आणि तपासनिसाचें माप

शाळेची परीक्षा कोणी व कशी घ्यावी, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु गेल्या दीडशें वर्षांत त्याच्या उत्तरावर लक्षावधि मुलांचें भवितव्य अवलंबून राहिलें आहे. ज्या मापानें शाळा मोजावी त्या मापाप्रमाणें ती आपलें रूप बदलते. हजेरी मोजली तर हजेरी वाढते, पाठांतर मोजलें तर पाठांतर वाढतें, आणि जें मोजलें जात नाहीं त्याकडे हळूहळू कोणी पाहीनासें होतें. महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास असलेल्या गोंदियासारख्या लहान जिल्ह्याच्या शाळांविषयीं मत बनविण्यापूर्वीं हा इतिहास ध्यानीं घेणें अवश्य आहे.

शाळेच्या कामाला पैशाचें माप लावण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडांत झाला. रॉबर्ट लो यानें १८६२ सालीं निकालानुसार अनुदान देण्याची पद्धति सुरू केली. मुलामागें जास्तींत जास्त बारा शिलिंग मिळत. पैकीं चार हजेरीबद्दल, आणि आठ वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेबद्दल. मूल एखाद्या विषयांत नापास झालें कीं त्या विषयापुरती रक्कम कापली जाई. सरकारी पैसा वायां जाऊं नये, हा हेतु कांहीं वाईट नव्हता. परंतु प्रख्यात कवि मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते, आणि या पद्धतीमुळें शिक्षण यांत्रिक होत आहे, मुलें वाचावयास शिकण्याऐवजीं नेमलेलें पुस्तकच पाठ करीत आहेत, असें त्यांनीं आपल्या अहवालांतून निर्भीडपणें सांगितलें. हीच पद्धति आपल्याकडे मुंबई इलाख्यांतही आली. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत तिचा त्याग केला. पण तोंवर शिक्षकांची एक पिढी तपासणीच्या दिवसाकडे डोळे लावून शिकवावयास संवकली होती.

या काळांत दोष नेमका कोठें आहे हें ओळखणारा एक पुरुष महाराष्ट्रांत होता. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांतील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांस ठाऊक आहे. शाळातपासणीविषयींचा त्यांतील भाग मात्र फारसा वाचला जात नाहीं. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येऊन जातो, त्याचा शाळेस उपयोग तो किती? तपासणी निदान दर तीन महिन्यांनीं व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देतां शाळेस भेट द्यावी, असें त्यांचें म्हणणें होतें. गांवचे व जिल्ह्याचे कामगार अनेक कामांत गुंतलेले असल्यामुळें त्यांची परीक्षा वरवरची होते, हेंही त्यांनीं स्पष्ट नमूद केलें. शाळा जाणावयाची तर तेथें वारंवार गेलें पाहिजे, हा या सूचनेचा अर्थ आहे.

आतां गोंदियाकडे वळूं. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढील वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाल्यावर हा धानाचा, तलावांचा व जंगलांचा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडूं लागला. १८८३ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानें या प्रांतांत जिल्हा कौन्सिलें व लोकल बोर्डें स्थापण्याची व्यवस्था झाली, आणि खेड्यांतील शाळांचा कारभार त्यांच्या हातीं आला. पुढें गोपाळ कृष्ण गोखले यांचें सक्तीच्या शिक्षणाचें बिल १९१२ मध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं नामंजूर झालें खरें. तरी १९२० च्या मध्यप्रांतीय कायद्यानें स्थानिक संस्थांस आपल्या हद्दींत सक्ती करण्याची मुभा मिळाली. मग पटावरील आंकडे वाढूं लागले व त्यांचाच गौरव होऊं लागला. १९२९ च्या हार्टोग समितीनें या गौरवावर पाणी ओतलें. १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या मुलांपैकीं तीन वर्षांनीं चौथींत पोंचलेलीं मुलें एक पंचमांशही नव्हतीं! पट मोजणाऱ्यांनीं दाखल होणारें मूल पाहिलें होतें. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचें माप कोणींच ठेवलें नव्हतें.

१९४८ सालीं या प्रांतानें एक धाडसी प्रयोग केला. जिल्हा कौन्सिलें मोडून तहशिलीगणिक जनपद सभा स्थापण्यांत आल्या. ज्या तहशिलीचा कारभार तिच्याच रहिवाशांनीं पहावयाचा तिच्या शाळाही त्यांच्याच नजरेखालीं याव्या, हें तत्त्व चांगलें होतें. पैशाची तोकडी बाजू व स्थानिक पक्षभेद यांनीं त्याला मर्यादा पडल्या. तथापि शाळेचा न्यायाधीश शाळेजवळ असावा, ही कल्पना त्यांत होती हें विसरतां येत नाहीं. १९५६ मध्यें विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या, आणि १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वांत आला.

या जिल्ह्याचें आजचें प्रगतिपुस्तक वरकरणीं समाधानकारक आहे. २०११ च्या जनगणनेंत येथील साक्षरता सुमारें ८५ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून अधिक भरली. जिल्हावार मूल्यमापनाची साधनेंही आतां पुष्कळ झालीं आहेत. १३ नोव्हेंबर २०१७ व १२ नोव्हेंबर २०२१ या दिवशीं देशभर संपादणुकीची पाहणी झाली; २०२२ मध्यें केंद्र सरकारनें जिल्ह्यांचा कामगिरी निर्देशांक प्रथम प्रसिद्ध केला. त्याचे एकूण गुण ६०० व निर्देशक ८३; पैकीं २९० गुण अध्ययनाच्या फलिताला, बाकीचे वर्गांतील अध्यापन, इमारती व सोयी, सुरक्षितता, संगणकीय शिक्षण व कारभार यांना. लो साहेबांच्या तीन विषयांपेक्षां हें माप कितीतरी उदार आहे, यांत शंका नाहीं.

परंतु जिल्ह्याच्या सरासरींत गांव दिसत नाहीं. गोंदिया शहराची रेल्वे, गिरण्या व महाविद्यालयें एकीकडे, आणि सालेकसा-देवरीच्या रानांतील पाड्याची शाळा दुसरीकडे. दोहोंची बेरीज करून निम्मी केली तर जो आंकडा येतो तो दोहोंपैकीं कोणाचाच नसतो. शिवाय लहान शाळेंत टक्केवारीच फसवी होते. चार मुलांच्या वर्गांत एक मूल त्या दिवशीं आजारी पडलें तर हजेरी शंभरावरून पंचाहत्तरावर येते; शिक्षकाच्या कर्तबगारीशीं त्याचा कांहीं संबंध नसतो.

मापाच्या दिवसाचेंही असेंच आहे. नोव्हेंबर म्हणजे या भागांत धानाच्या कापणीचा हंगाम. जुलै-ऑगस्टांत रोवणी, मार्च-एप्रिलांत मोहफुलें, मे महिन्यांत तेंदुपत्ता. ज्या घरीं मुलाचे दोन हातही मोलाचे, तेथें दिल्लीला सोयीची तारीख गैरसोयीची ठरूं शकते. आणि भाषेचें काय? येथील लोकसंख्येंत सुमारें १६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरीं गोंडी, छत्तीसगढी वा पोवारी बोलणारें मूल पहिलींत पुस्तकी मराठीशीं प्रथमच भेटतें. तें तिसरींत चार ओळी अडखळत वाचूं लागलें, तर त्यानें व त्याच्या शिक्षकानें पुण्याच्या मुलापेक्षां अधिक अंतर तोडलेलें असतें. आपली परीक्षा मात्र तें कोठें पोंचलें एवढेंच विचारते; कोठून निघालें हें विचारीत नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. मापावरून निर्णय होतात. दहाहून कमी पट असलेल्या सुमारें १३०० शाळा बंद करून तेथील मुलें शेजारच्या शाळांत घालण्याचें राज्य शासनानें २०१७ मध्यें ठरविलें; २०२३ मध्यें समूह शाळांची कल्पना पुढें आली. मोठ्या शाळेंत अधिक शिक्षक, अधिक सोबती व अधिक साधनें मिळतात, हा युक्तिवाद निखालस खोटा नव्हे. दोनच शिक्षकांनीं पांच इयत्ता ओढण्यांत मुलांचें नुकसान होतें, हें कोणीही कबूल करील. परंतु प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, हा नियम ज्या कायद्याखालीं झाला तो आपणच २००९ सालीं केला. ओढे-नाले भरलेल्या आषाढांत सात वर्षांची मुलगी तीन मैल चालून शाळेस जाईल काय? ती गेली नाहीं तर नव्या शाळेची सरासरी बिघडणार नाहीं. ती मुलगीच हिशेबांतून नाहींशी होईल. हार्टोग समितीनें दाखविलेली चूक ती हीच.

म्हणून गोंदियाचें मूल्यमापन करावयाचें तर तें सर्वांत लहान शाळेपासून सुरू व्हावें. त्याच मुलाची गेल्या वर्षाशीं तुलना करावी, गळालेल्या मुलाचें नांव पटावरून जातांना कारण लिहून ठेवावें, आणि तपासनिसानें एकदां शेरा मारून न जातां त्याच शाळेंत पुन्हां पुन्हां यावें. याला नवें यंत्र लागत नाहीं. १८८२ च्या निवेदनांतील सूचना अमलांत आणावी लागते.

आपल्यापैकीं बहुतेकांचीं मुलें या शाळांत नाहींत. त्यामुळें त्यांचे आंकडे आपण शेजारच्या गांवच्या पावसाप्रमाणें वाचतों. पण शाळा ठेवावी कीं मोडावी, यावर लोकमत तयार करणारे वाचक आपणच आहों. तेव्हां पुढल्या वेळीं जिल्ह्याचा क्रमांक छापून येईल तेव्हां तो वर गेला कीं खालीं आला एवढ्यावर थांबूं नये. त्यांत सालेकशाची ती मुलगी मोजली गेली आहे काय, एवढें विचारावें.