वाळूतील हवा आणि रस्त्यावरील हवा

टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आज बहुतेक नव्या मोटारींत आढळते, आणि तिच्या रचनेमागे एक गृहीतक आहे: कारखान्याने ठरवून दिलेला दाब हाच योग्य दाब, आणि त्याहून कमी झालेली हवा म्हणजे बिघाड. डांबरी रस्त्यावर हे गृहीतक खरे ठरते. वाळू, चिखल, नदीपात्र आणि खडकाळ उतार यांवर चालणाऱ्या वाहनांना मात्र ते लागू पडत नाही, कारण अशा वाहनांनी गेल्या शतकभरात जी मजल मारली ती हवा मुद्दाम उतरवून मारली. दाबाच्या निरीक्षणाचा इतिहास त्यामुळे दोन निरनिराळ्या वाटांनी घडला. एक वाट वाळवंटातून आली, दुसरी महामार्गावरून. आडवाटेच्या वाहनासाठी अशी यंत्रणा निवडताना ज्या अडचणी समोर येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या दोन वाटांच्या विसंगतीत सापडते.

हवेच्या टायरची कल्पना मोटारीहून जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण ती विस्मरणात गेली आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी ती नव्याने मांडली. पुढे थॉमसन यांचे पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली, आणि त्याच दशकात अमेरिकेतील श्रेडर कंपनीचा व्हॉल्व प्रचारात आला, जो किरकोळ फरकाने आजही प्रत्येक मोटारीच्या चाकावर दिसतो. या व्हॉल्वमधील स्प्रिंगवर बसलेली पिन दाबली की हवा बाहेर येते, आणि त्याच तोंडाला दाबमापक टेकवला की दाब मोजता येतो. आत भरणे, बाहेर सोडणे आणि मोजणे ही तिन्ही कामे एकाच तोंडातून होऊ लागली ही घटना दिसते तितकी क्षुल्लक नाही. पुढचे सारे त्यावरच उभे राहिले.

हवा कमी केल्याने वाहन वाळूत का चालते, हे समजण्यासाठी साधा हिशेब पुरतो. टायर जमिनीला जेवढ्या भागावर टेकतो त्या भागाला टेक म्हटले, तर टेकीचे क्षेत्रफळ स्थूलमानाने चाकावरील भार भागिले हवेचा दाब इतके येते. एका चाकावर ११०० पौंड, म्हणजे सुमारे ५०० किलो भार असेल आणि दाब दर चौरस इंचास ३६ पौंड असेल, तर टेक सुमारे ३० चौरस इंचांची होते. दाब १८ पौंडांवर आणला की ती जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार पेलत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून कमी असते, परंतु दिशा हीच. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत अधिक होते; चाक वाळू पुढे ढकलत खड्डा खणण्याऐवजी तिच्यावर लांब टेक टाकून पुढे सरकते. याची किंमतही ठरलेली आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो, दुमडण्याने तापतो, आणि वेग वाढला तर त्या उष्णतेने आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. शिवाय रिमच्या खाचेत टायरची जी कड हवेच्या दाबाने घट्ट बसलेली असते, ती फार कमी दाबात आडव्या जोराने निसटते. कमी हवा हे उपयुक्त पण मुदतीचे साधन आहे. ते कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे हे ज्याला नेमके कळते त्यालाच ते लाभते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या गस्ती पथकांनी इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात फोर्ड मॉडेल टी गाड्या फिरवल्या. त्यांचे टायर अरुंद आणि जास्त दाबाचे असत, त्यामुळे मोकळी वाळू लागली की गाडी ढकलणे हाच मुख्य उपाय होता. फ्रेंचांनी वेगळा मार्ग धरला. डिसेंबर १९२२ मध्ये सित्रोएन कंपनीची मोहीम सहारा ओलांडण्यास निघाली तेव्हा तिच्या गाड्यांना मागील चाकांऐवजी आडोल्फ केग्रेस यांनी योजलेले रबरी पट्टे होते, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्या टिंबक्टूला पोहोचल्या. टायरचा प्रश्न टायरच काढून टाकून सोडवण्याचा हा प्रकार होता. त्याच सुमारास मिशलँ आणि अमेरिकेतील फायरस्टोन यांनी कमी दाबावर चालणारे फुगीर, बलून म्हणून ओळखले गेलेले टायर बाजारात आणले. हेतू शहरी प्रवाशाला गचके कमी बसावेत एवढाच होता, पण वाळवंटाला त्याचा फायदा आपसूक मिळाला.

तो फायदा पद्धतशीरपणे करून घेणारा माणूस म्हणजे राल्फ बॅगनोल्ड. ब्रिटिश सैन्यातील हा अभियंता अधिकारी १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये असताना रजेच्या काळात, बऱ्याच अंशी स्वखर्चाने, मित्रांसह फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात जात असे. १९२९ पासून १९३२ पर्यंतच्या मोहिमांत त्याने लष्करी नकाशांवर दुर्गम म्हणून सोडून दिलेला वाळूचा महासागर मोटारीने पार करता येतो हे दाखवून दिले. चुंबकीय होकायंत्रावर गाडीच्या लोखंडाचा परिणाम होतो म्हणून सावलीवर चालणारे सूर्य-होकायंत्र, रेडिएटरमधून उकळून जाणारे पाणी पुन्हा धरून ठेवणारा डबा, रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या पोलादी पन्हळ्या, अशी त्याची साधने होती. आणि मोकळ्या वाळूत शिरताना टायरची हवा उतरवण्याच्या पद्धतीचे श्रेयही सामान्यतः त्यालाच दिले जाते. कोणती वाळू भार पेलते आणि कोणती पेलत नाही याचा शोध पुढे त्याला थेट भौतिकशास्त्रात घेऊन गेला. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवरील त्याचा १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. मोटार रुतू नये या व्यवहारी चिंतेतून एका शास्त्रशाखेला पायाभूत ग्रंथ मिळावा, असे क्वचितच घडते.

१९४० च्या जुलैमध्ये बॅगनोल्डनेच जनरल वेव्हेल यांच्या संमतीने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे लांब पल्ल्याचे टेहळणी पथक उभे केले. सुरुवातीची भरती न्यूझीलंडच्या सैनिकांतून झाली आणि शेव्हरोलेच्या दीड टनी ट्रकना रुंद वाळूचे टायर चढवण्यात आले. रजेवरील हौशी माणसांनी कमावलेले ज्ञान अशा रीतीने लष्करी कवायतीत आले. निरीक्षणाचे साधन मात्र तेच राहिले, हातातला दाबमापक आणि ड्रायव्हरची नजर: टायरची भिंत किती फुगली, चाकाचा माग किती रुंद पडला, इंजिन किती ओढ घेते. वाळू संपून टणक माळ लागला की थांबायचे, पंप काढायचा आणि प्रत्येक चाकात पुन्हा हवा भरायची, यात जाणारा वेळ शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात फार महाग पडे.

हा वेळ वाचवण्याची गरज १९४२ मध्ये अमेरिकेत ओळखली गेली. जनरल मोटर्सने बांधलेला डीयूकेडब्ल्यू, म्हणजे सैनिकांच्या बोलीत ‘डक’, हा अडीच टनी सहाचाकी ट्रक पाण्यात तरंगे आणि किनाऱ्यावर चालून येई. नौकांचे रचनाकार रॉड स्टीव्हन्स, ब्रिटिश दर्यावर्दी डेनिस प्युलस्टन आणि अभियंता फ्रँक स्पीअर यांनी तो आखला. पाण्यातून ओल्या वाळूवर, वाळूवरून कोरड्या पुळणीवर आणि तिथून रस्त्यावर जाताना ड्रायव्हरने खाली उतरून व्हॉल्व हाताळणे अशक्य होते, म्हणून त्याला बसल्या जागेवरून टायरचा दाब कमी-जास्त करता यावा अशी सोय करण्यात आली. असे करता येणारे हे पहिले वाहन मानले जाते. फिरत्या चाकात स्थिर नळीतून हवा नेण्यासाठी तुंब्यावर हवाबंद फिरता जोड लागतो, आणि सारे कसब त्या जोडातच आहे. सोव्हिएत अभियंत्यांनी ही कल्पना उचलून १९५० च्या दशकात ती लष्करी ट्रकमध्ये सर्रास आणली. १९५८ पासून निघालेला झिल-१५७ हा तिचा सर्वांत परिचित नमुना. या यंत्रणेत दाबाचा काटा आणि दाबाचा लगाम एकाच हाती आले. ड्रायव्हरला जे दिसते ते त्याला त्याच क्षणी बदलता येते, हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

नागरी वाहनांना ही चैन परवडली नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि ती गाडी भारतभरच्या कच्च्या वाटांवर पसरली, पण तिच्यातही चार साधे व्हॉल्व, एक पंप आणि असलाच तर एक दाबमापक, एवढाच सरंजाम होता.

रस्त्याकडून आलेली वाट याहून फार उशिरा सुरू होते. १९८६ च्या पोर्शे ९५९ या मोटारीत चाकांमधील हवेवर इलेक्ट्रॉनिक पहारा होता, आणि असा पहारा असलेली ती पहिली प्रवासी मोटार समजली जाते. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगात टायर बसला तर काय होईल, ही त्यामागची चिंता होती. योगायोग असा की त्याच वर्षी त्याच नावाच्या मोटारीने पॅरिस–डाकार ही वाळवंटी शर्यतही जिंकली. तरीही तो पहारा जर्मन महामार्गासाठी होता, सहाराच्या वाळूसाठी नव्हता.

या उपकरणाला कायद्याचे बळ मिळाले ते एका दुर्घटनामालिकेमुळे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांचा बाह्य थर उष्णतेने सुटून येत होता, आणि त्यातून झालेल्या अपघातांत, विशेषतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटून, अडीचशेहून अधिक माणसे मेल्याचे नोंदले गेले. फोर्डने या गाडीसाठी २६ पौंड दाब सुचवला होता, टायर कंपनी ३० पौंडांचा आग्रह धरत होती, आणि दोष टायरचा की गाडीचा यावर दोन्ही कंपन्यांत जाहीर वाद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या कायद्याने दाब कमी झाल्याचा इशारा देणारे साधन सक्तीचे करण्याचा आदेश दिला. २००२ च्या पहिल्या नियमात कंपन्यांना एकाच टायरची घट ओळखणारी स्वस्त पद्धत वापरण्याची मुभा होती. २००३ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, आणि २००५ च्या सुधारित नियमानुसार सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतील सर्व नव्या हलक्या वाहनांत हे साधन आले. ठरलेल्या दाबात २५ टक्के किंवा अधिक घट झाली की दिवा लागला पाहिजे, ही त्यातील मुख्य अट. युरोपीय संघाने अशीच सक्ती २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने लागू केली.

आडवाटेच्या गाडीची अडचण इथे सुरू होते, आणि तिची विडंबना अशी की ज्या अपघातांतून हा कायदा जन्मला ते आडवाटेची म्हणून विकल्या गेलेल्या गाडीचेच, पण डांबरी रस्त्यावरचे होते. ३६ पौंडांच्या गाडीत २७ पौंडांना लागणारा दिवा, हवा १६ पौंडांवर आणलेल्या ड्रायव्हरसमोर दिवसभर जळत राहतो. आणि सतत जळणारा दिवा काहीच सांगत नाही, अगदी एखाद्या चाकातून खरोखरच हवा गळू लागली तरी. आडवाटेसाठी यंत्रणा निवडताना म्हणूनच पहिली कसोटी हीच की ती प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दाखवते की नाही, आणि इशाऱ्याची मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येते की नाही.

या कसोटीवर अप्रत्यक्ष पद्धत सरळ बाद होते. या पद्धतीत दाब मोजलाच जात नाही; हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटून ते इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरते, आणि ब्रेक नियंत्रणासाठी असलेले वेगाचे सेन्सर हा फरक टिपतात. वाळूत चाके सतत घसरतात, चारही चाकांची हवा एकदमच उतरवलेली असते, आणि तुलनेचा आधारच नाहीसा होतो. प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक रिमवर, बहुधा व्हॉल्वच्या आतील टोकाला, दाब आणि तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो, जो रेडिओलहरींनी माहिती पाठवतो. अमेरिकेत त्यासाठी ३१५ मेगाहर्ट्झ आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता रूढ आहे, त्यामुळे परदेशातून मागवलेला सेन्सर गाडीशी बोलेलच असे नाही. त्याची बॅटरी आत कायमची बंद असते आणि काही वर्षांनी संपली की सेन्सरच बदलावा लागतो, त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो. व्हॉल्वच्या तोंडावर टोपीसारखा फिरवून बसणारा बाहेरचा सेन्सर त्यामानाने सोपा, पण दगड आणि काटेरी झुडपे त्याला उडवून लावतात, आणि हवा सोडताना तोच काढावा लागत असल्याने नेमक्या गरजेच्या वेळी आकडा दिसेनासा होतो. आतला सेन्सर इथे सरस ठरतो, मात्र बॅटरी वाचवण्यासाठी गाडी उभी असताना तो फारसा संदेश पाठवत नाही, आणि हवा तर गाडी उभी करूनच सोडली जाते. बॅगनोल्डच्या काळातला हातातला दाबमापक त्यामुळे अजून निवृत्त झालेला नाही.

तापमानाचा आकडा मात्र हातातल्या मापकाने कधीच दिला नव्हता, आणि आडवाटेच्या प्रवाशाला नव्या साधनाची खरी देणगी तीच आहे. ३० पौंडांच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला सुमारे दीड पौंडाचा फरक पडतो. पहाटेच्या गारव्यात मोजलेली हवा दुपारच्या वाळूत आपोआप वाढलेली असते, तिला जास्त समजून पुन्हा सोडली तर रात्री कड निसटण्याइतका दाब उतरतो. उलट, कमी हवेवर ड्रायव्हर नकळत वेग वाढवत गेला तर दाबाच्या आधी तापमान धोक्याची वर्दी देते.

भारतात जुलै २०२० मधील दुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांना एक सवलत मिळाली: ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल, तर सुटे चाक नसले तरी चालेल. शहरी मोटारीसाठी हा सौदा वाजवी आहे. सह्याद्रीतल्या कातळावर टायरची बाजूची भिंत चिरली, तर तिला दुरुस्तीचा संच पुरत नाही. आडवाटेच्या गाडीने म्हणून सुटे चाक सोडू नये आणि यंत्रणा घेताना पाचवा सेन्सर त्या चाकासाठी मागावा, कारण मागच्या दाराला महिनोन्महिने टांगलेल्या चाकातली हवा किती उतरली आहे याकडे कोणाचेच लक्ष नसते.